टेकडीवरचा वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं

मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात उभं राहिलं की राज्याच्या पोलिस महासंचालकांचं दगडी कार्यालय दिसतं. ही इमारत मुळात पोलिसांसाठी बांधलेलीच नाही. १८७० साली राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा आल्फ्रेड मुंबईला येऊन गेला, त्याच्या नावाने खलाशांसाठी हे वसतिगृह बांधलं गेलं: रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, त्यानेच पुढे व्हीटी उभारलं. खलाशी गेले, कायदेमंडळ आलं. कायदेमंडळ नरिमन पॉइंटला गेलं, मग पोलिस आले. इमारत तीच, बिऱ्हाडं बदलत गेली.

या आल्फ्रेडला १८९३ मध्ये काकाच्या माघारी जर्मनीतलं एक चिमुकलं राज्य मिळालं, साक्से-कोबुर्ग-गोथा. काका निपुत्रिक होता. आपल्याकडचा काळा घोडा ज्याचा, तो सातवा एडवर्ड म्हणजे आल्फ्रेडचा थोरला भाऊ. पण त्याला इंग्लंडची गादी मिळायची होती, म्हणून ही जहागीर धाकट्याकडे आली. राज्याला दोन राजधान्या होत्या, कोबुर्ग आणि गोथा. त्यातल्या गोथा शहराच्या डोक्यावर, टेकडीवर, एक अवाढव्य पांढरा वाडा आहे. त्याचं नाव फ्रीडनश्टाइन.

(जाता जाता: इंग्लंडच्या राजघराण्याचं नावही तेव्हा साक्से-कोबुर्ग-गोथाच होतं. पहिल्या महायुद्धात आधीच जर्मनद्वेष पेटलेला, त्यात १९१७ मध्ये लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानांचं नावही 'गोथा'. कारण ती याच गावच्या कारखान्यात बनायची. त्याच वर्षी पंचम जॉर्जने घराण्याचं नाव बदलून विंडसर केलं.)

आज त्या वाड्यात राजा नाही, राणी नाही. १९१८ ला जर्मनीतली सगळीच संस्थानं संपली. मग एवढ्या मोठ्या वास्तूत आता राहतं कोण, आणि तिचा खर्च निघतो कसा? टेकडीवरचा जुना वाडा आजच्या काळात चालवायचा म्हणजे नक्की काय काय करावं लागतं, ते या एका उदाहरणावरून चांगलं कळतं.

आधी शब्दांचा एक घोळ सोडवू. इंग्रजीत बहुतेकदा 'कॅसल' हा एकच शब्द वापरतात आणि आपणही सगळ्याला सरसकट 'किल्ला' म्हणतो. जर्मन भाषेत मात्र दोन शब्द आहेत. 'बुर्ग' म्हणजे लढायचा किल्ला: जाड तट, अरुंद जंग्या, अडचणीची वाट. 'श्लॉस' म्हणजे राहायचा, मिरवायचा आणि कारभार करायचा वाडा: मोठ्या खिडक्या, रुंद चौक, सरळ रस्ता. तोफांपुढे तट टिकेनासे झाले तसे बुर्ग मागे पडत गेले आणि श्लॉस वाढत गेले. या श्लॉसांचा बहराचा काळ म्हणजे सतरावं-अठरावं शतक. त्या काळच्या शैलीला बरोक म्हणतात. सगळं समोरासमोर जुळणारं, भव्य, बघणारा दबून जाईल असं. बरोक वास्तू एका अर्थाने नेपथ्यच असते. राजा मोठा आहे, हे लोकांनी मान वर करून पाहावं, यासाठी उभारलेलं.

गोथाच्या टेकडीवर आधी बुर्गच होता. नाव ग्रिमनश्टाइन, म्हणजे ढोबळमानाने 'क्रोधशिळा'. सोळाव्या शतकात तिथल्या ड्यूकने ग्रुमबाख नावाच्या एका बंडखोर सरदाराला आसरा दिला. या सरदाराला त्या वेळच्या जर्मन बादशहाने कायद्याबाहेर घोषित केलेलं होतं, म्हणजे त्याला थारा देणाराही गुन्हेगार. वेढा पडला. १५६७ मध्ये गाव शरण आलं, ग्रुमबाखचे भर चौकात चार तुकडे केले गेले, ड्यूक ऑस्ट्रियात जन्मठेपेवर गेला आणि किल्ला पाडून टाकला. पाऊणशे वर्षं टेकडी तशीच होती.

१६४० मध्ये भावाभावांत वाटण्या झाल्या आणि गोथाचा वाटा अर्न्स्ट या ड्यूकच्या पदरात पडला. इतिहासात तो 'धर्मशील अर्न्स्ट' म्हणून ओळखला जातो. युरोपात तीस वर्षांचं युद्ध अजून चालूच होतं, गावं ओस पडली होती. अशा वेळी, १६४३ मध्ये, या गृहस्थाने पडक्या किल्ल्याच्या जागी वाड्याचा पाया घातला आणि नाव ठेवलं फ्रीडनश्टाइन, 'शांतिशिळा'. युद्ध संपायला अजून पाच वर्षं होती. उत्तरेच्या दरवाजावर एक शिल्प आहे: शांती आणि न्याय या दोन स्त्रिया एकमेकींचं चुंबन घेताहेत. सोबतचं वाक्य यमकात आहे, त्याचा अर्थ असा की शांतता पोसते, अशांतता खाऊन टाकते. तीस वर्षांत ज्यांच्या घरातलं धान्य सैनिकांनी वाहून नेलं त्यांना ते समजावून सांगायची गरज पडली नसेल.

वाड्याचं मुख्य काम १६५४ पर्यंत आटपलं. आकार इंग्रजी 'यू' सारखा, तीन बाजूंना इमारत आणि मध्ये प्रशस्त चौक. दोन टोकांना दोन थोराड मनोरे आहेत. दोघांच्या टोप्या वेगळ्या, त्यामुळे जुळ्या भावांपैकी एकाने दुसऱ्याची पगडी घातल्यासारखं वाटतं. बरोकच्या सुरुवातीच्या काळातला हा जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या वाड्यांपैकी एक. बाहेरून मात्र फारसा नटलेला नाही. सोनेरी कमानी बघायच्या अपेक्षेने जाणारा माणूस पहिल्यांदा जरा हिरमुसतो, कारण समोर एक लांबलचक सरकारी कचेरी दिसते.

आणि ती कचेरीच होती. माझ्या मते फ्रीडनश्टाइनची सगळी गोम इथे आहे. अर्न्स्टने नुसतं राहतं घर बांधलं नाही, अख्खं राज्य एका छपराखाली आणलं. खजिना इथे, टांकसाळ इथे, शस्त्रागार इथे, दफ्तरखाना, न्यायनिवाडा, चर्च, तबेले, ग्रंथसंग्रह, नवलाईच्या वस्तूंचं दालन, सगळं इथेच. कुटुंबही लहान नव्हतं, त्याला अठरा मुलं झाली. याच ड्यूकच्या राज्यात १६४२ मध्ये शाळांचा नियम निघाला आणि मुलगे-मुली दोघांनाही पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची झाली. अशा माणसाच्या वाड्यात पाहुण्यांच्या खोल्यांपेक्षा फायलींच्या खोल्या जास्त महत्त्वाच्या असणार. त्यामुळेच आज तिथे संग्रहालयं, ग्रंथालय, नाटकघर आणि चर्च एकत्र नांदतात याचं फार आश्चर्य वाटायला नको. वाडा पहिल्यापासून बिऱ्हाडांचाच आहे.

या बिऱ्हाडांतलं सर्वांत लाडकं पश्चिमेच्या मनोऱ्यात आहे.

तिथे आधी दरबारी मंडळी चेंडू खेळायची ती उंच जागा होती. १६८१ ते १६८७ या काळात तिचं नाटकघर केलं. आज त्याला एकहोफ थिएटर म्हणतात. लाकडी, आटोपशीर, मोजक्या प्रेक्षकांचं. त्याची जगभर ख्याती आहे ती रंगमंचाखालच्या यंत्रामुळे, कारण सतराव्या शतकातलं ते यंत्र आजही प्रयोगात चालतं.

ते चालतं कसं? आपल्या नाटकात विंगा असतात तशाच तिथेही आहेत. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या केलेल्या रंगवलेल्या चौकटी. प्रेक्षकातून पाहिलं की त्या सगळ्या मिळून एक रस्ता किंवा जंगल दिसतं. आता जंगलाचा राजवाडा करायचाय. संगीत नाटकांच्या काळात आपण मागचा पडदा गुंडाळून दुसरा सोडायचो, पण बाजूच्या विंगांचं काय? एकेक चौकट माणसांनी उचलून न्यायची म्हटलं तर खडखडाट, धावपळ, वेळ. बरोक काळातल्या कारागिरांनी काय केलं, तर रंगमंचाच्या फळ्यांना लांब फटी ठेवल्या. चौकटीचा पाय त्या फटीतून खाली तळघरात जातो आणि तिथे चाकांच्या गाड्यावर बसवलेला असतो. प्रत्येक विंगेच्या जागी असे दोन गाडे शेजारी शेजारी. एकावर जंगल, दुसऱ्यावर राजवाडा. सगळ्या गाड्यांचे दोर तळघरातल्या एकाच आडव्या लाकडी लाटेला बांधलेले.

माणसं खाली लाट फिरवतात. विहिरीचा रहाट फिरवावा तशी. एक दोर गुंडाळला जातो तेव्हा दुसरा सुटतो, त्यामुळे एक गाडा मागे सरकतो आणि त्याच्या शेजारचा पुढे येतो. हे सगळ्या विंगांवर, दोन्ही बाजूंना, एकाच क्षणी होतं. वर बसलेल्या प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच की जंगल दोन्हीकडे विरघळलं आणि काही सेकंदांत महाल उभा राहिला. पडदा पाडायची गरजच नाही. उलट बदल दिसावा हीच गंमत. त्या काळच्या प्रेक्षकाला कथानकाइतकंच या बदलांचं अप्रूप होतं. तळघरातल्या माणसांना मात्र नाटक दिसत नाही, फक्त इशारा ऐकू येतो.

कोनराड एकहोफ हा नट इथे आला तो १७७५ च्या सुमाराला. जर्मन अभिनयकलेचा जनक मानला जाणारा हा माणूस तोवर फिरत्या कंपन्यांमध्ये आयुष्य काढत होता. नटाचं आयुष्य म्हणजे गावोगाव बैलगाडी, हे तिकडेही तसंच होतं, फक्त बैलांच्या जागी घोडे. गोथाच्या ड्यूकने कायम नोकरीतल्या, पगारी नटांचा दरबारी संच उभा केला आणि एकहोफला त्याचा प्रमुख केलं. नटाला ठरलेला पगार, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारकच. पुढे नाव कमावलेला नट इफलांट इथेच उमेदवारी करून गेला. १७७८ मध्ये एकहोफ वारला आणि वर्षभरात ड्यूकने संच बंद करून टाकला. माझा तर्क असा की हे यंत्र वाचलं ते या दुर्लक्षामुळेच. नाटकं जोरात चालू राहिली असती तर कुणीतरी हमखास आधुनिकीकरण केलं असतं. आता १९९६ पासून दर उन्हाळ्यात इथे एकहोफ महोत्सव भरतो आणि लाट पुन्हा फिरते.

अशी वास्तू वापरात ठेवायची की काचेत? हा वाद अशा प्रत्येक जागी असतो. दोर वापरला की झिजतो, न वापरला की कुजतो. लाकडी चाक फिरलं नाही तर बसतं. शिवाय यंत्र फिरवायचं कसं हे ज्या हातांना माहीत आहे ते हातही तयार ठेवावे लागतात. दोर बदलता येतो, लाट एकच आहे.

दुसरं मोठं बिऱ्हाड संग्रहालयाचं. इथे एक प्रकरण सांगितलंच पाहिजे, कारण वाड्याचं संग्रहालय करण्यातली मूळ अडचण त्यातून समजते. १३ आणि १४ डिसेंबर १९७९ मधली रात्र. गोथा तेव्हा पूर्व जर्मनीत होतं. कुणीतरी विजेपासून बचावासाठी भिंतीवर बसवलेल्या तारेला धरून, पायाला चढायचे आकडे लावून, वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलं, काच फोडली आणि पाच चित्रं घेऊन गेलं. थोरल्या होल्बाइनची संत कॅथरीन, फ्रान्स हाल्सने काढलेला टोपीवाला पुरुष, व्हॅन डाइकच्या आत्मचित्राची जुनी प्रत, गाड्या आणि गुरं असलेलं ब्रॉयगेलच्या परंपरेतलं ग्रामीण दृश्य, आणि एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. गजराची नवी यंत्रणा बसवलेली होती, पण ती अजून चालू व्हायची होती. पूर्व जर्मनीतली ही सर्वांत मोठी कलाचोरी. ज्या देशात प्रत्येक शिंकेची नोंद व्हायची त्या देशात चाळीस वर्षं चोरांचा पत्ता लागला नाही. देशच संपला, भिंत पडली, तरी लागला नाही.

२०१८ मध्ये एका वकिलाने गोथाच्या महापौरांना गाठलं: चित्रं आहेत, बोलायचंय का? वाटाघाटी महिनोन्‌महिने चालल्या. २०१९ च्या सप्टेंबरात चित्रं बर्लिनच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे रंग, लाकूड, कॅनव्हास तपासून ती खरी असल्याची खात्री करून घेतली आणि डिसेंबरात, चोरीला चाळीस वर्षं होत असताना, बातमी बाहेर आली. २०२० च्या जानेवारीत गोथाच्या लोकांनी ती पुन्हा पाहिली. खंडणी दिली गेली नाही.

आता अडचण काय ती बघा. वाड्याला शेकडो खिडक्या. ड्यूकला उजेड हवा होता, मोकळं दृश्य हवं होतं. संग्रहालयाला नेमकं उलटं हवं: उजेड कमी, खिडक्या बंद, हवा वर्षभर एकसारखी. लाकडी फळीवरचं चित्र दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं आणि वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. पन्नास माणसांचा घोळका दालनात शिरला की नुसत्या श्वासाने दमटपणा वाढतो. यावर उपाय म्हणून भिंती फोडून वाहिन्या घालाव्यात, तर भिंतीवर साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चुन्याचं नक्षीकाम. म्हणजे चित्र वाचवायला भिंत मारायची की भिंत वाचवायला चित्र? गोथाने यावर निम्मं उत्तर फार पूर्वीच काढलं होतं. एकोणिसाव्या शतकात ड्यूकनेच दक्षिणेच्या बाजूला, बागेला लागून, संग्रहालयाची वेगळी इमारत बांधली. पुढे कित्येक वर्षं तिथे निसर्गसंग्रहालय होतं. २०१३ मध्ये तिथे पुन्हा कलासंग्रह आला आणि आता गोथाचं सर्वांत प्रसिद्ध चित्रही तिथेच टांगलंय: १४८० च्या दशकातलं एक प्रेमी युगुल. इतक्या जुन्या जर्मन चित्रकलेत देवाधर्माचा विषय सोडून दोन माणसांचं एवढं मोठं एकत्र चित्र सहसा सापडत नाही.

तिसरं बिऱ्हाड पुस्तकांचं, पूर्वेच्या बाजूला. एर्फुर्ट विद्यापीठाचं संशोधन ग्रंथालय. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथर, त्याच्या काळातले कागद, धर्मसुधारणेच्या वादातली पत्रकं आणि सुमारे साडेतीन हजार अरबी, फारसी, तुर्की हस्तलिखितं. जर्मनीच्या मधोमध एका टेकडीवर एवढी हस्तलिखितं आली कुठून? उल्रिच यास्पर झेट्सन नावाच्या एका प्रवाशाला गोथाच्या ड्यूकने पैसे देऊन पूर्वेकडे धाडलं होतं. दमास्कस, जेरुसलेम, कैरो करत तो वस्तू आणि ग्रंथ विकत घ्यायचा आणि पेट्या भरून पाठवायचा. इजिप्तच्या ममीसुद्धा त्याच्याच. १८११ मध्ये तो येमेनमध्ये मेला. पेट्या पोचल्या, माणूस परत आला नाही.

पुस्तकांचा त्रास वेगळा असतो. ती फार जड असतात. जुन्या चामडी बांधणीच्या ग्रंथांची एक मीटर फळी भरली की तीस-चाळीस किलो वजन सहज होतं, आणि अशा शेकडो फळ्या लाकडी तुळयांवरच्या जमिनीवर उभ्या असतात. नाचगाण्याच्या दालनाला हे वजन कुणी हिशेबात धरलेलं नसतं. म्हणूनच अशा ठिकाणी हळूहळू बरंचसं सामान टेकडीखाली जातं. गोथात नकाशे छापणारी पेर्थेस ही जुनी प्रकाशनसंस्था होती. (जगभरच्या राजघराण्यांची वंशावळ देणारं 'आल्मानाख द गोथा' हे तिचंच, सोयरीक जुळवण्याआधी राजे-महाराजे ते चाळायचे.) तिच्या जुन्या जागेवर पेर्थेसफोरम उभं राहिलंय. संग्रहाची कोठारं आणि सरकारी दफ्तर आता तिथे आहे. वर दर्शन, खाली कोठी.

हा सगळा संग्रह गोथाचाच का, हाही प्रश्न आहे. अर्न्स्टच्या संग्रहाची सुरुवातच मुळी लुटीच्या मालाने झाली. तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ मध्ये, म्युनिक पडलं तेव्हा तो स्वीडिश फौजेबरोबर होता. ओटहाइनरिश बायबल नावाची चित्रांनी भरलेली पोथी तिथून गोथाला आली. शांतिशिळेतलं मानाचं रत्न लुटीचं! म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरियाने ती परत मिळवली, पण फुकट नाही. आठ खंडांपैकी तीन १९५० मध्ये विकत घेतले, उरलेले पाच २००७ मध्ये. उलट १९४६ मध्ये सोव्हिएत फौजेने वाड्यातल्या वस्तू आणि पुस्तकं रेल्वेने रशियात नेली. त्यातलं बरंच १९५० च्या दशकात परत आलं, सगळं नाही. त्याआधी १९४५ मध्ये ड्यूकच्या कुटुंबानेही काही चीजवस्तू कोबुर्गला हलवल्या होत्या. नेपोलियनची एक टोपी मात्र अजून जागेवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ड्यूक आउगुस्ट त्याचा निस्सीम चाहता होता.

मालकीचा घोळही समजून घेण्यासारखा आहे. भिंती, छप्पर आणि बाग ही थुरिंगिया राज्यातल्या वाड्या-बागांच्या न्यासाची. आतले संग्रह गोथातल्या वेगळ्या न्यासाचे. ग्रंथालय विद्यापीठाचं. म्हणजे छप्पर गळलं तर एकाकडे जायचं, भिजलेली वस्तू दुसऱ्याची आणि ओलं पुस्तक तिसऱ्याचं. पुण्यातल्या वाड्यात भाडेकरूंनी घरमालकाशी काढलेली वर्षं ज्यांना आठवतात त्यांना अधिक सांगायला नको. फरक इतकाच की इथे सगळ्यांचा पैसा शेवटी सरकारी तिजोरीतूनच येतो. तिकिटावर असा वाडा चालत नाही, जगात कुठेच चालत नाही. तरी ऑगस्टच्या शेवटी चौकात बरोक महोत्सव भरतो, गावातली माणसं केसांचे टोप आणि घेरदार झगे घालून दरबार भरवतात, तेव्हा तिकीटखिडकीवर रांग असते.

आणखी एक बिऱ्हाड राहिलं, सगळ्यांत जुनं. जवळच्या टामबाख-डीटहार्त्स गावाशेजारच्या ब्रोमाकर खाणीत सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनासोरांच्याही बऱ्याच आधीच्या प्राण्यांचे सांगाडे मिळतात. ते या वाड्यात ठेवलेत. त्यात सेमूरिया या प्राण्याचे दोन सांगाडे आहेत, एकमेकांना लागून पहुडलेले. खणणाऱ्यांना ते तसेच्या तसे सापडले. लोकांनी त्यांचं नाव ठेवलंय 'टामबाखचं प्रेमी युगुल'. बागेपलीकडच्या इमारतीत भिंतीवर दुसरं युगुल आहेच. तिकीट दोन्हींचं काढलेलं बरं.